पहिल्या दोन तासांचा हिशेब

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि आपण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. एखादा नामवंत खेळाडू किंवा नट दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपात सापडला, की दूरचित्रवाणीवर आणि वर्तमानपत्रांत कायद्याचे जाणकार बोलू लागतात. ती चर्चा कशी ऐकावी आणि तिच्यातले काय ग्राह्य धरावे, असे वाचकांनी आपापल्या परीने विचारले आहे. मी म्हापशात फौजदारी वकिली करते आणि नशेत गाडी चालवण्याविषयीच्या कलम १८५ चे खटले आठवड्यातून दोनतीनदा तरी समोर येतात; त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ चर्चेचा नाही. पाच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : संध्याकाळी आम्ही काही निवृत्त मंडळी वाचनालयात जमतो. मध्यंतरी एका प्रसिद्ध खेळाडूच्या अपघाताविषयी दोन वकील वाहिनीवर बोलत होते. एक म्हणाले की दहा वर्षांची सजा होऊ शकते. दुसरे म्हणाले की दंड भरून सुटेल. कायदा एकच असताना दोन जाणकारांच्या बोलण्यात एवढे अंतर कसे? कोणावर विश्वास ठेवावा?
– एक निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : गुरुजी, दोघांपैकी कोणीही खोटे बोलले असेल असे मला वाटत नाही. त्यांनी दोन निरनिराळ्या कलमांची शिक्षा सांगितली आणि आपण कोणत्या कलमाविषयी बोलत आहोत हे सांगायचे राहून गेले. या विषयावरच्या चर्चेत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ केवळ नशेत गाडी चालवण्याबद्दल आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले, की गुन्हा पुरा होतो. कोणाला खरचटलेही नसले तरी. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची ही रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने वाढली; त्याआधी ती दोन हजार होती. अपघातात माणूस दगावला तर मात्र दुसरा कायदा पुढे येतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा गुन्हा जुन्या दंडसंहितेत कलम ३०४-अ म्हणून होता आणि त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १०६ मध्ये असून शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. त्याच्याही वरची पायरी म्हणजे सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने कोणाचा जीव जाण्याचा संभव आहे याची जाणीव असूनही ते कृत्य केले, असे सिद्ध झाले तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या संहितेत हा कलम ३०४ चा दुसरा भाग होता, आता तो कलम १०५ मध्ये आहे.

दंडापासून दहा वर्षांपर्यंतचा हा सगळा पल्ला एकाच रात्रीच्या एकाच अपघाताला लागू पडू शकतो, आणि ही केवळ पुस्तकातली शक्यता नव्हे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. ॲलिस्टर परेरा या तरुण चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम, मद्य आढळले होते. सत्र न्यायालयाने त्याला निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षांची दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. घटना तीच, मृतांचा आकडा तोच, रक्ताचा अहवालही तोच. बदलले ते एवढेच की त्या चालकाला परिणामांची जाणीव होती काय, या प्रश्नाचे उत्तर.

म्हणून यापुढे वाहिनीवर एखादे वकील बोलू लागले की तीन गोष्टींकडे कान द्यावा. गाडी कोण चालवत होते, याचा पुरावा काय आहे? रक्तात किती मद्य होते आणि ते केव्हा मोजले? आणि चालकाला कशाची जाणीव होती, हे कशावरून ठरवायचे? जो भाष्यकार या तिन्हींबाबत आज काय माहीत आहे आणि काय नाही ते वेगवेगळे करून सांगतो, त्याचे ऐकावे. आरोपीने देशासाठी किती शतके ठोकली किंवा तो किती दानधर्म करतो, येथून जो सुरुवात करतो, त्याने तिन्हींपैकी एकाही प्रश्नाला हात घातलेला नसतो. दानधर्माचा विचार फार तर शिक्षा किती द्यावी हे ठरवताना होईल, आणि ती वेळ दोष सिद्ध झाल्यानंतरची.

प्रश्न : वकीलबाई, माझा मुलगा मांद्र्याला एका हॉटेलात कामाला आहे. रात्रपाळी सुटल्यावर मित्रांबरोबर थोडी घेऊन स्कूटरवरून घरी येताना पोलिसांनी अल्कोमीटर लावला. न्यायालयात गुन्हा कबूल केला, दहा हजार भरले, परवाना सहा महिन्यांसाठी गेला. कामावर जायला आता दुसऱ्याची गाडी बघावी लागते. त्याने कोणाला धडक दिलेली नाही. आणि सलमान खानच्या गाडीखाली माणूस मेला, तरी तो सुटला, असे सगळे म्हणतात. गरिबाचा कायदा वेगळा आणि श्रीमंताचा वेगळा आहे का?
– एक आई, पेडणे

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. कायदा वेगळा नाही. परवान्याचेच पाहा. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्याला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र करावे, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम २० मध्येच आहे. त्या कलमात नटाला किंवा खेळाडूला सवलत नाही. तरीही तुम्हाला जे जाणवते ते खोटे नाही. फरक कायद्याच्या पुस्तकात नसून पुराव्यात पडतो, आणि पुराव्यातला तो फरक कोणत्या घटकेला पडतो, हे वाहिन्यांवरचे बहुतेक जाणकार सांगत नाहीत.

तुमच्या मुलाने नळीत फुंकर मारली, यंत्राने आकडा दाखवला, पावती निघाली, तिच्यावर त्याची सही झाली. गाडीवर तो एकटाच होता. कोण चालवत होते हा प्रश्न नाही, किती मद्य होते हाही नाही. त्याचा खटला रस्त्यावरच जवळजवळ पुरा झाला होता.

आता सलमान खान यांच्या खटल्यात काय झाले ते सरळ सांगते. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात एका बेकरीसमोर झोपलेल्या लोकांवर त्यांची लँड क्रूझर गाडी गेली. एक मजूर ठार झाला, चौघे जखमी झाले. रक्ताचा नमुना त्याच दिवशी, पण अपघातानंतर कित्येक तासांनी घेतला गेला आणि त्यात ०.०६२ टक्के मद्य असल्याचा अहवाल आला. म्हणजे १०० मिलिलिटरमागे ६२ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी पाच वर्षांची शिक्षा सुनावली. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गाडी तेच चालवत होते आणि ते नशेत होते, हे सरकार पक्षाला निःसंशय सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. फिर्याद देणारा अंगरक्षक पोलीस शिपाई हा मुख्य साक्षीदार. त्याची साक्ष आधी दंडाधिकाऱ्यांपुढे झाली होती. पुढे गंभीर कलम लागून खटला सत्र न्यायालयात नव्याने चालला, तेव्हा तो हयात नव्हता. २००७ मध्येच त्याचे निधन झाले होते. त्याच्या आधीच्या साक्षीवर पूर्ण विसंबता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने ठरवले. त्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

निकाल लागला त्या संध्याकाळी काही जाणकारांनी तांत्रिक मुद्द्यावर सुटका झाली असे म्हटले आणि काहींनी ते पूर्ण निष्कलंक ठरले असे सांगितले. मला दोन्ही शब्दयोजना चुकीच्या वाटतात. रक्ताची बाटली कोणी घेतली, कोणी मोहोरबंद केली, प्रयोगशाळेपर्यंत कोणी नेली, ही साखळी म्हणजे तांत्रिक बाब नव्हे. तोच पुरावा आहे. ती साखळी ढिली असेल तर उद्या तुमच्या मुलाच्या नावावर दुसऱ्याचे रक्त लागू शकते. आणि संशयाचा फायदा मिळून सुटका होणे म्हणजे त्या पहाटे बेकरीसमोर काही घडलेच नाही असे नव्हे. एक माणूस मेला होता. त्याला कोणी मारले हे कायद्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची होती.

शरीर मद्य आपोआप जाळत असते. साधारण माणसाच्या रक्तातील प्रमाण तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. कोणाचे थोडे कमी, कोणाचे जास्त. रात्री दोन वाजता ७५ मिलिग्रॅम असलेला माणूस सकाळी सातपर्यंत कुठे सापडला नाही, तर यंत्र शून्य दाखवू शकते. म्हणूनच कलम १८५ खाली अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागेल, अशी तरतूद कलम २०२ मध्ये आहे. नमुना द्यायला सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर तो नकारच आरोपीच्या विरुद्ध धरता येतो, असे कलम २०५ सांगते. कायदा करणाऱ्यांना या तासांची किंमत ठाऊक होती.

पैसा आणि प्रसिद्धी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती याच तासांत. तुमच्या मुलाला रात्री दीड वाजता वकील कुठला मिळणार? बड्या माणसाला मिळतो, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. पण त्याच वेळी चालकाच्या आसनावर दुसऱ्याचे नाव येऊ लागते, आरोपी सकाळपर्यंत सापडत नाही, रुग्णालयात कोणाचा तरी दूरध्वनी जातो. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्या प्रकरणात अल्पवयीन आरोपीच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आरोपाची शहानिशा न्यायालयात व्हायची, पण त्या प्रकरणात देशभर बोलले गेले ते जामिनाची अट म्हणून त्याला लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाविषयी. निबंधाचा राग मला समजतो. तरी खटल्याचा कणा असलेली ती रक्ताची बाटली चर्चेत मागेच राहिली.

माझ्या स्वतःच्या एका खटल्यातली गोष्ट सांगते. मी आरोपीची वकील होते. अल्कोमीटरची पावती दुकानातल्या बिलासारख्या गुळगुळीत उष्णतासंवेदी कागदावर येते. खटला सुनावणीला आला तेव्हा तपास करणाऱ्या ठाण्याने दाखल केलेल्या त्या पावतीवर एक अक्षर उरलेले नव्हते. कागद कोरा, कडेला टाचणीचा गंज, खाली निळ्या शाईतली माझ्या अशिलाची सही तेवढी ठळक. वेळीच छायाप्रत काढून ती प्रमाणित करून कोणी ठेवली नव्हती. न्यायाधीशांनी तो कागद दोन वेळा उजेडाकडे धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. माझा अशील सुटला. मी माझे काम केले, आणि तसेच पुन्हा करीन. पण त्या रात्री त्याने एका शाळकरी मुलीच्या सायकलला जवळजवळ धडक दिली होती, हे मला ठाऊक होते. त्यानंतर प्रत्येक खटल्यात मी निकालाआधी त्या पहिल्या तासांचे कागद वाचते.

तुमच्या मुलाला एवढे मात्र सांगा, की दुसऱ्यांदा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड पंधरा हजारांपर्यंत जातो.

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परदेशी खेळाडूंची उदाहरणे देऊन आपले भाष्यकार म्हणतात, की तिकडे तीन आठवड्यांत निकाल लागतो, इकडे तेरा वर्षे लागतात. ही तुलना योग्य आहे का? प्रकल्पासाठी विचारते आहे.
– एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : तुलना करावी, पण समान गोष्टींची करावी. नेहमी दिले जाणारे उदाहरण इंग्लंडचा फुटबॉलपटू वेन रूनी याचे असते. १ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे त्याला पकडले आणि १८ सप्टेंबरला त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. दोन वर्षे वाहनबंदी आणि शंभर तास विनावेतन समाजकार्य, अशी शिक्षा झाली. अठरा दिवसांत खटला संपला हे खरे. पण त्यात अपघात नव्हता, मृत्यू नव्हता आणि कबुली होती. तशा प्रकारचा खटला आपल्याकडेही लवकर निकाली निघतो. सोमवारी सकाळी म्हापशाच्या न्यायालयात येऊन बसलीस तर शनिवार-रविवारच्या रात्री पकडलेली माणसे ओळीने गुन्हा कबूल करून दंड भरताना दिसतील. कोणी विमान गाठायचे म्हणून पाठीवरची पिशवीही न उतरवता उभा असतो, कोणी गवंडी असतो, कोणी बारमध्येच वाढपी असतो. त्यांच्यावर भाष्य करायला कोणी येत नाही, म्हणून ती गती दिसत नाही.

मृत्यू झालेल्या खटल्याची तुलना मृत्यू झालेल्या खटल्याशी कर. अमेरिकी फुटबॉलमधला हेन्री रग्ज याने २ नोव्हेंबर २०२१ रोजी लास व्हेगासमध्ये ताशी १५० मैलांहून अधिक वेगाने गाडी चालवली आणि पुढच्या गाडीतली एक तरुणी जळून मेली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली, तीही कबुलीनंतर. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षे. आपली तेरा वर्षे तरीही असमर्थनीयच आहेत. वर लिहिलेल्या सलमान खान यांच्या खटल्यात मुख्य साक्षीदार खटला पुरा होण्याआधी गेला; विलंब पुरावा खातो, हे याहून स्पष्ट कशाने दिसणार?

प्रकल्पात आकड्यांचे एककही तपासून घे. मोठमोठे भाष्यकार इथे घसरतात. इंग्लंडमध्ये रक्तातली मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे आणि श्वासाची ३५ मायक्रोग्रॅम. रूनीचा आकडा १०४ होता तो श्वासाचा. तो रक्ताचा समजून लिहिलेला लेख मी वाचला आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे पुन्हा ८० मिलिग्रॅम. आपल्याकडे ३०. त्यामुळे मुंबईतल्या खटल्यातला ०.०६२ हा आकडा फ्लोरिडात मर्यादेच्या आत बसला असता आणि वांद्र्यात दुपटीच्या वर जातो. कोणत्या देशाच्या मोजपट्टीने मोजतो आहोत हे न सांगता नुसता आकडा फेकणे म्हणजे वाचकाची फसगत आहे.

टायगर वुड्स याचे उदाहरण देताना तर आणखी जपावे लागते. २९ मे २०१७ रोजी फ्लोरिडात तो गाडीत झोपलेल्या अवस्थेत सापडला आणि जगभर मद्यपी गोल्फपटू अशा मथळ्यांच्या बातम्या झाल्या. त्याच्या श्वासात मद्य शून्य होते. त्याच्या शरीरात सापडली ती वेदनाशामक आणि झोपेची औषधे आणि गांजातला घटक. पुढे त्याने बेदरकार वाहन चालवल्याचा कमी गंभीर गुन्हा कबूल केला. तिकडच्या कायद्यातली ‘ड्रायव्हिंग अंडर द इन्फ्लुअन्स’ ही संज्ञा मद्य आणि औषधे दोन्हींना कवेत घेते. मराठीत आपण सरसकट मद्यधुंद असे भाषांतर करतो आणि एका शब्दाने माणसावर न केलेला आरोप ठेवतो. आपल्याही कलम १८५ चा दुसरा भाग मादक औषधांविषयी आहे, आणि खोकल्याचे किंवा झोपेचे औषध घेऊन गाडी काढणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

प्रश्न : मी सासष्टीत मुलांना फुटबॉल शिकवतो. न्यायालयाने दोषी ठरवलेले नसताना संघटनेने खेळाडूला बाहेर ठेवावे का? भाष्यकार म्हणतात की दोष सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष.
– एक प्रशिक्षक, सासष्टी

उत्तर : निर्दोषत्वाचे गृहीतक फौजदारी न्यायालयाला बांधून घालते, कारण तिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. संघात खेळायला मिळणे हा तसा हक्क नव्हे. संघटना आपल्या आचारसंहितेप्रमाणे, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन, कारवाई करू शकते. जलतरणपटू मायकल फेल्प्सला ३० सप्टेंबर २०१४ रोजी बाल्टिमोरमध्ये पकडले. रक्तातले प्रमाण ०.१४ टक्के, आणि २००४ मधला तसाच एक प्रसंग त्याच्या नावावर आधीच होता. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने ऑक्टोबरमध्येच त्याला सहा महिने निलंबित केले आणि पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतून तो बाहेर राहिला. न्यायालयात कबुली झाली ती डिसेंबरात, आणि एक वर्षाची कैद स्थगित ठेवून त्याला देखरेखीखाली ठेवण्यात आले. संघटनेची शिक्षा त्याला न्यायालयाच्या शिक्षेपेक्षा आधी आणि अधिक लागली. २०१६ मध्ये रिओला त्याने पुन्हा पाच सुवर्णपदके मिळवली, हेही मुलांना सांगा. मात्र दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

प्रश्न : बाणस्तारी पुलावरच्या अपघाताने आम्ही सगळे हादरलो होतो. अशा प्रकरणांवर आम्ही समाजमाध्यमांवर लिहितो. खटला चालू असताना लिहिणे हा न्यायालयाचा अवमान होतो का? दुसरे असे, की माझ्या चुलत भावाला एका नावाजलेल्या माणसाच्या गाडीने उडवले आणि चालक प्यालेला होता असे साक्षीदार म्हणतात. वाहिनीवर एक वकील म्हणाले, की असे खटले शेवटी सुटतात. मग आम्ही आशा सोडावी का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ६ ऑगस्ट २०२३ च्या रात्री बाणस्तारीला तीन माणसे गेली. फोंड्याहून पणजीला जाताना त्या पुलावर आजही हात आपोआप वेग कमी करतो. त्या खटल्याच्या गुणदोषांवर मी लिहिणार नाही आणि तुम्हीही निकाल देऊन टाकू नये. चालक नशेत होता असा आरोप आहे, हे लिहिणे वेगळे आणि तो खुनी आहे, हे लिहिणे वेगळे. चालू कामकाजाचा निःपक्ष आणि अचूक वृत्तान्त देणे हा अवमान नाही, आणि निकालानंतर त्याच्यावर योग्य शब्दांत टीका करणेही नाही; १९७१ चा अवमान कायदाच तसे म्हणतो. पण आरोपपत्र दाखल झाल्यावर साक्षीदारांवर दडपण येईल किंवा खटल्याची दिशा बिघडेल असे लिहिणे अंगाशी येऊ शकते. बदनामीची फिर्याद ही तर स्वतंत्रच गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांतून चालवल्या जाणाऱ्या खटल्यांविषयी जो सविस्तर निकाल दिला, त्यात साक्षीदारांच्या मुलाखती, आरोपीच्या कथित कबुल्या यांना आवर घालायला सांगितले आहे. ते आपलेच उच्च न्यायालय. पर्वरीला त्याचेच खंडपीठ बसते.

पण गप्प बसावे असाही त्याचा अर्थ नाही. दिल्लीत जानेवारी १९९९ मध्ये बीएमडब्ल्यू गाडीखाली सहा जण गेले. नौदलाच्या माजी प्रमुखांचा नातू आरोपी होता. त्या खटल्यात बचाव पक्षाचा एक ज्येष्ठ वकील साक्षीदाराशी संधान बांधत असल्याचे एका वाहिनीने २००७ मध्ये उघड केले. वाहिनीने खटला आपल्या हातात घेतला, असा आक्षेप आला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो मानला नाही आणि वकिलाचा दोष कायम ठेवला. माध्यमांनी पुरावा नासवला नव्हता, पुरावा नासवणाऱ्याला उजेडात आणले होते. हा फरक ओळखून लिहा.

आता तुमच्या भावाविषयी. वाहिनीवरच्या त्या वकिलाने तुम्हाला अर्धेच सांगितले, आणि ज्याचे हाड मोडले आहे त्याच्या घरी अर्धी माहिती पोहोचवणे मला फार लागते. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. फौजदारी न्यायालयाला निःसंशय पुरावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहते. चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही.

तेव्हा फौजदारी खटल्याची वाट पाहत बसू नका. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची मुदत कलम १६६ मध्ये घातली आहे. ती चुकण्याचा धोका पत्करू नका. अपघात कुठेही झालेला असो, भाऊ राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत, पंचनामा, जखमांचा वैद्यकीय दाखला, भावाच्या पगाराचा कागद आणि कामावर जाता आले नाही त्या दिवसांचा दाखला गोळा करा. ज्या साक्षीदारांनी चालकाला गाडीतून उतरताना पाहिले, त्यांची नावे तपास अधिकाऱ्याच्या नोंदीत आली आहेत की नाहीत, ते लेखी अर्ज देऊन विचारा. रुग्णालयाची आणि औषधांच्या दुकानाची सगळी बिले जपा. त्यांतली जी गुळगुळीत कागदावर छापलेली असतील, त्यांची छायाप्रत आजच काढून घ्या.